परदेशातून चेक आलाय? बँकेत भरण्याआधी हे गणित नक्की करा

'घरखर्च आणि बरंच काही' या आपल्या सदरात आज एका जरा वेगळ्या विषयावर बोलूया. हल्ली पैसे म्हटलं की आपल्याला यूपीआय आठवतं. फोन काढला, स्कॅन केलं, काम झालं. पण अजूनही अनेक घरांत एक गोष्ट पोस्टाने येते आणि आल्यावर सगळ्यांना कोड्यात टाकते. ती म्हणजे परदेशी चलनातला चेक.

कुणाच्या मुलीला अमेरिकेतल्या विद्यापीठाकडून डिपॉझिट परत मिळतं, कुणाला तिथल्या नोकरीच्या काळातल्या टॅक्सचा रिफंड येतो. कुणाच्या नावावर जुन्या शेअर्सचा डिव्हिडंड निघतो, तर कुणाला विम्याचे किंवा वारसाहक्काचे पैसे येतात. चेकवर डॉलर किंवा पौंडात रक्कम लिहिलेली असते. आपण लगेच गूगलवर दर बघतो, गुणाकार करतो आणि खूश होतो. खात्यात मात्र त्यापेक्षा बरेच कमी रुपये जमा होतात, तेही काही आठवड्यांनी.

हा फरक नेमका कुठे जातो? दोन बँकांची तुलना करायची तर काय काय विचारायचं? आणि कधी कधी चेक बँकेत न भरणंच शहाणपणाचं का असतं? चला, एकेक करून बघूया.

आधी समजून घ्या: परदेशी चेक 'वटतो' कसा?

आपल्याकडचा रुपयांचा चेक आता प्रत्यक्ष प्रवास करत नाही. सीटीएस पद्धतीत त्याचा फोटो पुढे जातो. २००८ मध्ये दिल्लीपासून ही पद्धत सुरू झाली आणि आज चेक पटकन वटतो तो त्यामुळेच. पण अमेरिकेतल्या किंवा ब्रिटनमधल्या बँकेवर काढलेला चेक आपल्या सीटीएसमध्ये बसत नाही. तुमची बँक तो 'कलेक्शन'साठी परदेशी पाठवते. तिथली तिची सहयोगी बँक मूळ बँकेकडून पैसे मागते. ते पैसे तुमच्या बँकेच्या तिथल्या खात्यात येतात आणि मग त्याचे रुपये होऊन तुमच्या खात्यात पडतात.

यात साधारणपणे दोन प्रकार असतात.

• तात्पुरती जमा: काही ठिकाणी पैसे लवकर जमा होतात, पण ठराविक दिवस ते काढता येत नाहीत. या काळाला 'कूलिंग पीरियड' म्हणतात. चेक परत आला तर जमा झालेली रक्कम उलट वळती होते.

• अंतिम जमा: मूळ बँकेने पैसे दिल्यावरच तुमच्या खात्यात रक्कम येते. वेळ जास्त लागतो, शुल्कही जास्त असू शकतं, पण धाकधूक कमी.

दोन्हींत काही आठवडे जातात हे धरूनच चाला. मुलाची फी किंवा घराचा हप्ता या चेकच्या भरवशावर ठेवू नका.

गूगलवरचा दर आपल्याला का मिळत नाही?

गूगलवर दिसतो तो बाजारातला मधला दर. बँका मोठ्या रकमांचा व्यवहार आपसात साधारण त्या दराने करतात. तुमच्या-आमच्यासाठी प्रत्येक बँकेचा रोजचा वेगळा तक्ता असतो. त्याला 'फॉरेक्स कार्ड रेट' म्हणतात. मोठ्या बँकांच्या वेबसाइटवर तो मिळतो. त्यात एकाच डॉलरसमोर पाच-सहा आकडे बघून डोकं गरगरतं. पण आपल्याला त्यातले फक्त 'बायिंग'चे आकडे हवेत, कारण बँक आपल्याकडून डॉलर विकत घेतेय.

• टीटी बायिंग: पैसे बँकेच्या परदेशातल्या खात्यात आधीच आले असतील तर हा दर. ग्राहकाच्या दृष्टीने सहसा हाच सगळ्यात चांगला.

• बिल बायिंग: पैसे यायच्या आधीच बँकेने तुम्हाला रुपये दिले तर हा दर. बँक वाट बघणार, म्हणून थोडा कमी.

• करन्सी बायिंग: हातातल्या नोटा विकायच्या असतील तर. हा सहसा सगळ्यात कमी.

कलेक्शनला दिलेल्या चेकचे पैसे आल्यावर रुपये होत असतील तर टीटी बायिंग दर लागायला हवा. म्हणून काउंटरवर "आज डॉलरचा रेट काय?" असं मोघम विचारू नका. "माझ्या चेकला कोणता रेट लावणार, टीटी बायिंग की बिल बायिंग?" असं विचारा.

आणखी एक गोष्ट. दर लागतो तो पैसे जमा होण्याच्या दिवसाचा. तुम्ही चेक दिला त्या दिवसाचा नाही. मधल्या आठवड्यांत रुपया वर-खाली होणारच. ते तुमच्याही हातात नाही आणि बँकेच्याही. जपानी येनचा चेक असेल तर तक्त्यातला दर सहसा १०० येनचा असतो, हेही लक्षात ठेवा.

कापले जाणारे चार पैसे

दर हा फक्त अर्धा हिशेब. उरलेला अर्धा शुल्कांमध्ये दडलेला असतो.

१. परदेशी बँकेचं शुल्क: हे डॉलरमध्येच, रुपये व्हायच्या आधी कापलं जातं. आपल्या बँकेच्या शुल्कपत्रकात कित्येकदा फक्त 'प्रत्यक्ष आकारणीनुसार' एवढंच लिहिलेलं असतं. अंदाजे आकडा आग्रहाने विचारा.

२. आपल्या बँकेचं कमिशन: कधी ठराविक रक्कम, कधी टक्केवारी. टक्केवारी असेल तर 'किमान किती' हे बघा. छोट्या चेकला ती किमान रक्कमच लागते.

३. टपाल किंवा कुरिअर खर्च: काही बँका वेगळा लावतात, काही कमिशनमध्येच धरतात.

४. जीएसटी: हा दोनदा येतो. एकदा कमिशनवर १८ टक्के. दुसऱ्यांदा चलन बदलण्याच्या सेवेवर. इथे घाबरू नका, पूर्ण रकमेवर १८ टक्के लागत नाहीत. १ लाख रुपयांपर्यंतच्या रकमेचा १ टक्का (किमान २५० रुपये) हे सेवेचं मूल्य धरतात आणि त्यावर १८ टक्के. म्हणजे छोट्या चेकला किमान ४५ रुपये, बरोबर १ लाखाला १८० रुपये. १ लाख ते १० लाखांमध्ये हे मूल्य १,००० रुपये अधिक वरच्या रकमेच्या अर्धा टक्का असं मोजतात. हा कर सगळ्या बँकांत सारखाच, त्यामुळे तुलनेत त्याने फारसा फरक पडत नाही.

आता सगळं एका ओळीत मांडूया:

हातात येणारे रुपये = (चेकची रक्कम − परदेशी बँकेचं शुल्क) × बायिंग दर − कमिशन − टपाल − जीएसटी

हे सूत्र फोनच्या नोट्समध्ये सेव्ह करून ठेवा. खरं सांगायचं तर आजच्या लेखाचं सार हेच आहे.

उदाहरण करून बघूया

समजा, बाजारातला मधला दर ८५ रुपये आहे. (आकडे फक्त समजण्यासाठी घेतले आहेत. तुमच्या दिवशीचे आकडे वेगळे असतील.)

बँक 'अ': दर ८४.२० रुपये, कमिशन ५०० रुपये, परदेशी शुल्क १५ डॉलर.
बँक 'ब': दर ८३ रुपये, कमिशन २०० रुपये, परदेशी शुल्क १० डॉलर.

पहिल्या नजरेत काय वाटतं? 'अ' चांगली, डॉलरमागे १ रुपया २० पैसे जास्त देतेय. आता गणित करू.

चेक १५० डॉलरचा असेल तर:

• बँक 'अ': १३५ × ८४.२० = ११,३६७. त्यातून कमिशन आणि त्यावरचा जीएसटी ५९०, चलन बदलाचा जीएसटी ४५. हातात १०,७३२ रुपये.

• बँक 'ब': १४० × ८३ = ११,६२०. त्यातून २३६ आणि ४५. हातात ११,३३९ रुपये.

दर कमी असूनही 'ब' बँकेत ६०७ रुपये जास्त मिळाले!

आता चेक ३,००० डॉलरचा घेऊ:

• बँक 'अ': २,९८५ × ८४.२० = २,५१,३३७. त्यातून ५९० आणि सुमारे ३१६ रुपये जीएसटी. हातात २,५०,४३१ रुपये.

• बँक 'ब': २,९९० × ८३ = २,४८,१७०. त्यातून २३६ आणि सुमारे ३१३ रुपये. हातात २,४७,६२१ रुपये.

इथे चित्र उलटलं. 'अ' बँक २,८१० रुपये जास्त देतेय. या उदाहरणात साधारण ६५० डॉलरच्या आसपास पारडं फिरतं. म्हणजे छोट्या चेकला शुल्क बघा, मोठ्या चेकला दर बघा. "अमुक बँक चांगली" हा शेजाऱ्यांचा सल्ला त्यांच्या रकमेसाठी बरोबर असेल, पण तुमच्या रकमेसाठी बरोबर असेलच असं नाही.

आणि २० डॉलरचा चेक असेल तर? 'अ' बँकेत ५ डॉलरचे ४२१ रुपये होणार आणि कापले जाणार ६३५. म्हणजे चेक वटवायला खिशातून पैसे! असा चेक सरळ आठवण म्हणून अल्बममध्ये लावलेला बरा.

दोन बँकांचे दर तोलायचे कसे?

दर दिवसभरात बदलू शकतो. एका बँकेचा सोमवारचा आणि दुसरीचा गुरुवारचा दर घेऊन तुलना केली तर ती चुकणारच. दोन्ही दर एकाच दिवशी, शक्यतो एकाच वेळी घ्या.

त्याहून चांगला उपाय म्हणजे दरातलं अंतर मोजा. एफबीआयएल ही संस्था कामकाजाच्या दिवशी डॉलर, पौंड, युरो आणि येनचे संदर्भ दर जाहीर करते. २०१८ पर्यंत हे काम रिझर्व्ह बँक स्वतः करायची. त्या दरापेक्षा तुमची बँक किती टक्के कमी देतेय ते काढा. आपल्या उदाहरणात ८५ च्या तुलनेत 'अ' बँक ०.९४ टक्के कमी देते आणि 'ब' बँक २.३५ टक्के. बाजार वर-खाली झाला तरी बँकेची ही सवय सहसा फारशी बदलत नाही. त्यामुळे आठवड्यांनी लागणाऱ्या दराचाही थोडा अंदाज येतो.

रक्कम मोठी असेल तर एक प्रश्न जरूर विचारा: "कार्ड रेटपेक्षा चांगला रेट मिळेल का?" मोठ्या व्यवहारांना बँका वेगळा दर देऊ शकतात. न मागता तो क्वचितच मिळतो.

बँकेत विचारायचे सात प्रश्न

फोन करताना किंवा शाखेत जाताना ही यादी सोबत ठेवा.

१. तुम्ही या देशातल्या बँकेवरचा, या चलनातला चेक घेता का? कोणत्या शाखेत?
२. जमा तात्पुरती की अंतिम? कूलिंग पीरियड किती दिवसांचा?
३. कोणता दर लागेल आणि कोणत्या दिवसाचा?
४. तुमचं कमिशन किती? किमान किती?
५. परदेशी बँक अंदाजे किती कापेल?
६. चेक परत आला तर किती शुल्क?
७. पैसे आल्याची पावती किंवा ॲडव्हाइस मिळेल का?

पहिला प्रश्न सगळ्यात महत्त्वाचा. परदेशी चेक घेणं अनेक बँकांनी कमी केलंय किंवा ठराविक शाखांपुरतं ठेवलंय. आपल्यापैकी अनेकांचं जुनं खातं गावातल्या सहकारी बँकेत असतं. पण परकीय चलनाचा व्यवहार करायला रिझर्व्ह बँकेची वेगळी परवानगी लागते आणि बहुतेक सहकारी बँकांकडे ती नसते. पतसंस्थांचा तर प्रश्नच नाही. इंदूर असो, बडोदा असो की बेंगळुरू, आधी फोन करून खात्री करा. चेक घेऊन पाच शाखा हिंडण्याचा त्रास वाचेल. शक्यतो जिथे तुमचं जुनं, केवायसी पूर्ण झालेलं खातं आहे तिथेच पहिला फोन करा.

चेक हातात आल्यावर लगेच बघा

• तारीख: अमेरिकेत आधी महिना आणि मग दिवस लिहितात. ०४/०५ म्हणजे तिथे ४ मे नाही, ५ एप्रिल.

• मुदत: आपल्याकडे १ एप्रिल २०१२ पासून चेक तीन महिने चालतो. अमेरिकेत साधारण सहा महिन्यांनंतर बँक चेक नाकारू शकते. काही चेकवर '९० दिवसांनंतर रद्द' असंही छापलेलं असतं. अमेरिकी सरकारी खजिन्याचा चेक वर्षभर चालतो. लक्षात घ्या, चेक मुदतीत तिथल्या बँकेपर्यंत पोचायला हवा. प्रवासाचे दिवस त्यात धरा.

• नाव: चेकवर लग्नाआधीचं नाव आणि खात्यावर लग्नानंतरचं, हा आपल्या घरांतला नेहमीचा घोळ. आधीच बँकेला विचारून कागदपत्रं तयार ठेवा.

• चलन आणि देश: चेकवर डॉलर लिहिलंय म्हणून तो अमेरिकेचाच असेल असं नाही. कॅनडातल्या बँकेवर काढलेला अमेरिकी डॉलरचा चेकही असतो. त्याचा मार्ग आणि शुल्क वेगळं पडू शकतं.

• झेरॉक्स: चेकचे पुढून-मागून फोटो काढून ठेवा. प्रवासात गहाळ झाला तर दुसरा मागायला हेच कामी येतात.

बँक पैसे कशाचे आहेत हेही विचारेल. त्यासाठी 'पर्पज कोड' असतो. उदाहरणार्थ, परदेशातल्या नातेवाइकाने घरखर्चाला पाठवले असतील तर पी१३०१. आयकराच्या दृष्टीनेही कारण महत्त्वाचं आहे. मुलगा, मुलगी, भाऊ, बहीण अशा जवळच्या नातेवाइकांकडून आलेल्या भेटीवर कर नाही. पण नात्यात नसलेल्यांकडून वर्षभरात ५०,००० रुपयांहून जास्त भेट आली तर ती उत्पन्नात धरली जाते. म्हणून पावती जपून ठेवा.

सावधान! 'जमा झाले' म्हणजे 'वटला' नव्हे

हा भाग घरातल्या ज्येष्ठांना जरूर वाचून दाखवा. फसवणुकीचा एक जुना प्रकार अजूनही चालतो. अनोळखी माणूस परदेशातून चेक पाठवतो. कधी ऑनलाइन विकलेल्या वस्तूचे पैसे म्हणून, कधी नोकरीचा ॲडव्हान्स म्हणून, कधी लॉटरी म्हणून. रक्कम ठरल्यापेक्षा जास्त असते. मग मेसेज येतो, "चुकून जास्त गेले, वरचे पैसे परत पाठवा."

खात्यात तात्पुरती रक्कम दिसते. आपण प्रामाणिकपणे 'वरचे' पैसे पाठवतो. काही आठवड्यांनी चेक खोटा म्हणून परत येतो आणि बँक पूर्ण रक्कम आपल्याकडून वसूल करते. पाठवलेले पैसे गेले ते गेलेच.

बँकेने चेक आधीच विकत घेऊन रुपये दिले असतील तर नुकसान आणखी वाढतं. घेताना बायिंग दर लागलेला असतो, पण परत फेडताना सेलिंग दर लागतो, जो नेहमी जास्त असतो. वर व्याज आणि चेक परतीचं शुल्क.

नियम सोपा ठेवा: चेक देणाऱ्याला तुम्ही ओळखत नसाल तर अंतिम जमेचाच पर्याय घ्या. आणि आलेल्या चेकमधून कुणालाही, कधीही, काहीही 'परत' पाठवू नका.

चेकपेक्षा सोपा मार्ग आहे का?

बहुतेक वेळा आहे. देणाऱ्याला विचारा, "चेकऐवजी थेट खात्यात पाठवता येईल का?" स्विफ्टने बँकेत पैसे पाठवले किंवा परवानाधारक रेमिटन्स कंपनीतून आले, तर सहसा काही दिवसांत काम होतं आणि दर आधी कळण्याची शक्यताही जास्त. सिंगापूरमधून तर फेब्रुवारी २०२३ पासून यूपीआय आणि तिथल्या पेनाऊच्या जोडणीतून पैसे येऊ शकतात. अमेरिकी सरकारनेही मार्च २०२५ मध्ये कागदी चेक कमी करण्याचा आदेश काढला. त्यामुळे तिकडून टॅक्स रिफंड यायचा असेल तर ऑनलाइन पर्याय आत्ताच भरून ठेवा.

परदेशातून परत आलेल्यांचं तिथलं खातं अजून सुरू असेल तर चेक त्याच खात्यात भरता येतो का, ते बँकेच्या ॲपमध्ये बघा. अनेक अमेरिकी बँका चेकचा फोटो स्वीकारतात. मात्र तुमच्या नावाचा चेक तिथल्या भाच्याच्या खात्यात भरायची युक्ती करू नका. दुसऱ्याच्या नावाचा चेक अनेक बँका घेत नाहीत.

वाचकांचे नेहमीचे प्रश्न

चेक देऊन दोन महिने झाले, काहीच कळलं नाही. काय करू?
शाखेकडून लेखी स्थिती मागा. बँकेकडे लेखी तक्रार करूनही ३० दिवसांत उत्तर आलं नाही किंवा समाधान झालं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे मोफत तक्रार करता येते. माहितीसाठी १४४४८ हा क्रमांक आहे.

दर वाढेपर्यंत चेक ठेवून दिला तर?
मुदत संपण्याचा धोका मोठा आणि दर वाढेलच याची खात्री नाही. असं करू नका.

मुलाच्या नावाचा चेक मी माझ्या खात्यात भरू शकते का?
साधारणपणे नाही. ज्याचं नाव, त्याचंच खातं.

तर मंडळी, पुढच्या वेळी परदेशी शिक्का असलेलं पाकीट दारात आलं की गूगलवरच्या गुणाकारावर थांबू नका. दोन-तीन बँकांना फोन लावा, सात प्रश्न विचारा आणि सूत्रात आकडे घाला. दहा मिनिटांचं काम आहे, पण त्यातून महिन्याचा किराणा सुटू शकतो. हा लेख घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवरही पाठवा, विशेषतः ज्यांची मुलं परदेशी आहेत त्या काका-काकूंना. पुढच्या वेळी भेटूया, पैशाच्या अशाच एका गोष्टीसह!